पाच लाख पौंड, मुदत दोन वर्षं

५ मे २०२५, सोमवार. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये झाओ शिनतोंगनं पन्नाशीच्या मार्क विल्यम्सला १८-१२ असं हरवलं आणि स्नूकरच्या जागतिक विजेतेपदाचा चषक पहिल्यांदा चीनला गेला. हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच रात्री आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या कुठल्याच कॅमेऱ्यानं दाखवल्या नाहीत. जागतिक क्रमवारीत झाओच्या नावापुढं पाच लाख पौंड जमा झाले आणि स्पर्धेआधी खात्यात शून्य असलेला माणूस थेट पहिल्या सोळांत जाऊन बसला. दुसरीकडे बेल्जियमच्या लुका ब्रेसेलच्या नावापुढचे पाच लाख पौंड पुसले गेले. २०२३ च्या अंतिम सामन्यात मार्क सेल्बीला १८-१५ हरवून त्यानं ते कमावले होते. २०२५ मध्ये ब्रेसेल काही वाईट खेळला नव्हता, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला होता. तरी तो पहिल्या सोळांतून बाहेर फेकला गेला.

रँकिंग स्पर्धा म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर या दोन नोंदी समजून घ्याव्या लागतात. टेबलावर एक सामना चालू असतो आणि क्रमवारीच्या वहीत दुसरा. पुष्कळदा टेबलावरचा विचित्र वाटणारा शॉट वहीत पाहिल्यावरच उलगडतो.

वहीचा नियम सोपा आहे: एक पौंड म्हणजे एक गुण. १९७६ मध्ये पहिली क्रमवारी निघाली तेव्हा फक्त जागतिक स्पर्धेतल्या कामगिरीचे गुण धरले जात. १९८२ पासून इतर स्पर्धाही मोजायला लागले. पुढची बरीच वर्षं गुणांचे वेगळे तक्ते होते. २०१४-१५ च्या मोसमात ते सगळे बंद झाले आणि रँकिंग स्पर्धेत मिळालेलं बक्षीस हेच गुण ठरले. हिशोब फिरत्या दोन वर्षांचा. एखादी स्पर्धा संपली की तिचे पैसे जमा होतात आणि दोन मोसमांपूर्वीच्या त्या स्पर्धेचे वजा होतात. म्हणजे ही एक उलटी मुदत ठेव. मुदत भरली की व्याज मिळायचं सोडाच, मुद्दलही जातं. खेळाडू 'डिफेंड करायचे पैसे' म्हणतात ते यालाच. झाओचे पाच लाख २०२७ च्या जागतिक स्पर्धेनंतर जातील.

कुठल्या स्पर्धेला रँकिंग म्हणायचं, हा मुद्दा बक्षिसाच्या आकड्याशी जोडलेला नाही. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधली मास्टर्स बघा. दिमाखदार स्पर्धा, विजेत्याला साडेतीन लाख पौंड, पण वहीत एक पैसाही चढत नाही, कारण तिथं सोळाच जणांना आमंत्रण असतं. रँकिंग स्पर्धेत दार सगळ्या व्यावसायिकांना उघडं असायला हवं, किंवा निदान प्रवेश तरी वहीवरूनच ठरायला हवा. गंमत अशी की मास्टर्सचं आमंत्रणही वहीवरूनच मिळतं. यूके चॅम्पियनशिप संपल्यावर जे पहिले सोळा, ते मास्टर्सला. त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला यॉर्कमध्ये सोळावा आणि सतरावा यांच्यातली चुरस कधीकधी अंतिम सामन्यापेक्षा बघण्यासारखी असते.

उलट टोकाला शूट आउट आहे. एकाच फ्रेमचा (म्हणजे डावाचा) सामना, दहा मिनिटं, पहिल्या पाच मिनिटांत शॉटला पंधरा सेकंद आणि नंतर दहा. २०१७ पासून तिला रँकिंग दर्जा आहे आणि विजेत्याला पन्नास हजार मिळतात. प्रेक्षक आरडाओरडा करतात, मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जागतिक स्पर्धेत दोन सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरीत पोचलेल्याच्या खात्यात जेवढे पडतात, तेवढेच दहा-दहा मिनिटांच्या सामन्यांतून पडावेत, हे आजवर पटलेलं नाही.

आता जागतिक स्पर्धेचीच वही उघडू, कारण तिच्यात हिशोब सर्वांत स्वच्छ दिसतो. एकूण १४४ खेळाडू. पहिले सोळा थेट क्रूसिबलमध्ये. उरलेले १२८ पात्रता फेऱ्यांत, शेफील्डमध्येच इंग्लिश इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या इनडोअर हॉलमध्ये. चार फेऱ्या. पहिलीत ८१ ते ११२ क्रमांकाचे खेळाडू ११३ ते १४४ क्रमांकाच्यांशी भिडतात. या शेवटच्या गटात हौशीही असतात. जिंकणाऱ्या ३२ जणांची गाठ पडते ती ४९ ते ८० शी. तिथून वर आलेल्यांना १७ ते ४८ भेटतात. चौथ्या फेरीत ३२ जण उरतात आणि त्यातले सोळा क्रूसिबलचं दार ओलांडतात. झाओ वीस महिन्यांची बंदी भोगून परतला होता, टूरचा, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचा, सदस्यही नव्हता. पुढच्या मोसमाचं कार्ड (टूरवर खेळायचा हक्क) हाती होतं, पण एप्रिलमध्ये तो हौशी म्हणूनच आला, त्यामुळे सुरुवात अगदी तळातून. पात्रतेचे चार सामने दहा-दहा फ्रेमचे, मग क्रूसिबलमध्ये १०, १३, १३, १७ आणि १८. बेरीज १११. एवढ्या फ्रेम जिंकल्याशिवाय तळातून आलेल्याला चषक मिळत नाही. आणि ही फक्त जिंकलेल्या फ्रेमची मोजणी झाली.

पैशांची शिडी अशी आहे. पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरला तर शून्य. एक सामना जिंकून हरला तर ५ हजार पौंड, दोन जिंकून १०, तीन जिंकून १५. क्रूसिबलमध्ये पोचून पहिल्या फेरीत हरला तर २०. त्यापुढं ३०, ५०, उपांत्य फेरीला एक लाख, उपविजेत्याला दोन लाख, विजेत्याला पाच. एकूण रक्कम २३ लाख ९५ हजार. आता एकेका विजयाची किंमत काढून बघा. पहिल्या चार विजयांचे प्रत्येकी पाच हजार. क्रूसिबलमधल्या पहिल्या विजयाचे दहा, मग वीस, पन्नास, एक लाख. आणि शेवटच्या एका सामन्याचे तीन लाख. चाळीस फ्रेम जिंकून क्रूसिबलमध्ये येणाऱ्याच्या हाती वीस हजार लागतात. अंतिम सामन्यातल्या अठरा फ्रेम त्याच्या पंधरापट मोलाच्या.

हे योग्य आहे का? चषक जिंकणाऱ्याला भरपूर मिळावं, याला कोणाचीच हरकत नाही. पण गुण म्हणजेच पैसा असं एकदा ठरवलं की बक्षीस-शिडीचा कल क्रमवारीत जसाच्या तसा उतरतो. एक भन्नाट पंधरवडा गेला की खेळाडू दोन वर्षं वरच्या सोळांत सुरक्षित, आणि वर्षभर प्रत्येक स्पर्धेत दोन-तीन फेऱ्या जिंकणारा मात्र तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावर घुटमळत राहतो. ब्रेसेलचं वर जाणं आणि खाली येणं, दोन्ही याच कलामुळे इतकं उभं दिसलं.

मानांकितांसाठी एक बारीक अट आहे, ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. थेट प्रवेश मिळालेला खेळाडू पहिलाच सामना हरला तर बक्षिसाचे पैसे त्याच्या खिशात जातात, वहीत मात्र शून्य लागतं. २०२५ मध्ये गतविजेता काइरन विल्सन पहिल्याच फेरीत लेई पेफानकडून ९-१० असा हरला. वीस हजार पौंड मिळाले, गुण शून्य. तेवढ्याच फेरीत हरलेल्या पात्रतावीराचे वीस हजार मात्र पूर्ण धरले जातात, कारण ते त्यानं सामने जिंकून कमावलेले असतात. अट न्याय्य आहे. त्यामुळेच मानांकितांचे पहिल्या फेरीतले सामने इतके आखडलेले असतात: पात्रतावीर मोकळ्या हातानं खेळतो आणि मानांकिताच्या मागं शून्य उभं असतं. (क्रूसिबलमध्ये पहिल्यांदा विजेता झालेल्या कोणालाही पुढच्या वर्षी चषक राखता आलेला नाही, त्याला तिथं शाप म्हणतात. शापापेक्षा दहा फ्रेमच्या शर्यतीचं साधं गणित मला जास्त पटतं.)

पात्रतेतून आलेल्याला आणखी एक फायदा असतो, तो टेबलाचा. क्रूसिबलमध्ये पाऊल ठेवेपर्यंत त्यानं त्याच बनावटीच्या टेबलांवर चार, किंवा निदान दोन लांबलचक सामने खेळलेले असतात. इथं थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या क्लबात किंवा पार्लरमध्ये खेळणाऱ्याला टीव्हीवरचं टेबल तेच वाटतं, आणि ते तसं नसतं.

मापं तीच. खेळायची जागा ३५६९ बाय १७७८ मिलिमीटर. बॉक लाइन (टेबलाच्या खालच्या टोकाची आडवी रेषा) खालच्या कुशनपासून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीपासून, ७३७ मिलिमीटरवर, तिच्यावरच्या डी या अर्धवर्तुळाची त्रिज्या २९२, काळ्याचा ठिपका वरच्या कुशनपासून ३२४. चेंडू ५२.५ मिलिमीटरचा. फरक मापांत नाही, जोडणीत आहे. टेबल स्पर्धेच्या जागी सुट्या भागांत येतं. आधी पाय आणि चौकट, मग स्लेटच्या पाच जाड पाट्या. पाणसळ लावून प्रत्येक पाटी सपाट करायची, सांधे भरायचे, घासून एकसारखे करायचे. इथं केसभर चूक राहिली तर हळू चेंडू शेवटच्या फूटभरात वळतो आणि दोष खेळाडूच्या माथी येतो. मग कापड ताणून बसवायचं. ताण कमी पडला तर चेंडू जड चालतो आणि कापडावर लवकर खुणा पडतात. त्यानंतर कुशन, पॉकेटं आणि शेवटी रेषा-ठिपके. पॉकेटचं तोंड फूटपट्टीनं मापत नाहीत. त्यासाठी संघटनेनं मंजूर केलेले साचे असतात, आणि पॉकेटच्या ओठांची कड व उतार त्या साच्याला जुळला पाहिजे. तोंडाची रुंदी बरोबर असूनही ओठ जास्त गोलाकार कापले असतील तर पॉकेट ढिलं खेळतं. कुशनला लागून आलेला चेंडूसुद्धा गिळतं. आपल्याकडची बरीच टेबलं याच कारणानं उदार असतात. तिथं सत्तरचा ब्रेक (एका खेपेत सलग काढलेले गुण) मारणारा खेळाडू साच्याच्या टेबलावर पस्तिसाला अडकला तर त्यात नवल काही नाही.

कापडाला लव असते, बॉककडून काळ्याच्या दिशेनं. ब्रश त्याच दिशेनं मारायचा, मागं-पुढं नाही. मग कापड गुंडाळलेला ठोकळा त्याच दिशेनं ओढायचा आणि नंतर इस्त्री, तीही एकाच दिशेनं. उलटी इस्त्री फिरवली तर लव चुरगळते आणि त्या पट्ट्यात चेंडू अडखळतो. लवेचा परिणाम हळू शॉटवर सर्वांत जास्त दिसतो. मधल्या पॉकेटात आडवा, अगदी हळू चेंडू सोडला की तो शेवटी काळ्याच्या बाजूला सरकतो. म्हणून जाणते खेळाडू निशाण पॉकेटच्या बॉककडच्या ओठावर धरतात, किंवा शॉट थोडा जोरात मारून लवेला संधीच देत नाहीत.

स्लेटखाली हीटर असतात. कापड कोरडं ठेवणं हे त्यांचं काम. ओलसर कापडावर चेंडू रांगतो, कुशन मेल्यासारखी वागते, आणि फिरकी लवकर पकडली जाते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बिनहीटरच्या टेबलावर खेळून बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जूनमध्ये अंगवळणी पडलेला जोर नोव्हेंबरात लांब जातो. उलट, नवं कोरडं कापड घसरडं असतं. स्क्रू (उलटी फिरकी) किंवा साइड (बाजूची फिरकी) मारली की पांढरा, म्हणजे क्यूनं मारायचा चेंडू, आधी घसरतो, मग उशिरा पकड घेतो. कुशनवरून परतताना कोनही नेहमीसारखा येत नाही. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी दिग्गजांचा पांढरा दोन-तीन इंचांनी चुकलेला दिसतो, त्यामागं बहुतेक वेळा हे कारण असतं. ब्रेक पन्नाशीत तुटतात, समालोचक लय सापडली नाही म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या सत्रात कापड थोडं खेळून बसलं की तोच खेळाडू शंभरीवर शंभरी मारतो.

मग किक. पांढरा रंगीत चेंडूवर आदळतो, बारीकसा टणक आवाज येतो, दोन्ही चेंडू किंचित उडाल्यासारखे होतात आणि पॉट चुकतो. आदळण्याच्या नेमक्या बिंदूवर चॉकचा कण असेल तर तिथलं घर्षण एकदम वाढतं आणि पुढचा चेंडू ठरल्या रेषेवरून 'जाड' निघतो. चेंडू पंचांकडून पुसून घेता येतो: पंच आधी जागा मार्करनं धरून ठेवतो, मग उचलतो. अलीकडं बऱ्याच व्यावसायिकांनी फिनलंडचा ताओम चॉक धरला आहे, त्याची पूड चेंडूवर कमी चिकटते. किक कमी झाल्या, पण नाहीशा झाल्या नाहीत. एकोणिसाव्या निर्णायक फ्रेममध्ये एक किक पाच हजार पौंडांची पडू शकते, आणि तिच्यावर अपील नाही.

क्रूसिबलची दुसरी अडचण जागेची. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना एकेक टेबल. थिएटर लहान, हजाराच्या आतबाहेर प्रेक्षक. कोपऱ्यातल्या शॉटला पाय मागं घ्यायला जागा कमी, पहिल्या रांगेतला प्रेक्षक हाताच्या अंतरावर. पलीकडच्या टेबलावर टाळ्या कडाडल्या की इकडं शॉटवर वाकलेला खेळाडू उभा राहतो आणि पुन्हा सुरुवात करतो. उपांत्य फेरीला पडदा निघतो, एकच टेबल मध्यभागी येतं. तिथवर आलेले खेळाडू नेहमी सांगतात की ही जणू वेगळीच स्पर्धा.

सत्रांची विभागणी ध्यानात ठेवली तर सामना वाचता येतो. पहिली फेरी १९ फ्रेमची, दोन सत्रं: आधी नऊ, मग उरलेल्या दहापर्यंत. दुसरी आणि उपांत्यपूर्व २५ फ्रेमच्या, तीन सत्रं: आठ, आठ, नऊ. उपांत्य ३३ फ्रेमची, चार सत्रं, तीन दिवसांत. अंतिम सामना ३५ फ्रेमचा, दोन दिवस, चार सत्रं. चार फ्रेम झाल्या की मधली छोटी विश्रांती. सत्रं तिथल्या वेळेनं सकाळी दहा, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सात. म्हणजे आपल्याकडं दुपारी अडीच, संध्याकाळी सात आणि रात्री साडेअकरा. तिसरं सत्र रंगलं तर इथं पहाट जवळ येते.

गडबड होते ती खेळ रेंगाळला की. पुढच्या सत्राची वेळ झाली आणि फ्रेम उरल्या असतील तर सामना तिथंच थांबवतात आणि नंतर मोकळ्या वेळात पुरा करतात. ८-८ वर थांबलेला खेळाडू हॉटेलवर जाऊन काय झोपणार! म्हणून पिछाडीवरचा खेळाडू कधीकधी सत्राच्या शेवटच्या फ्रेममध्ये मुद्दाम घाई करत नाही. चाल संथ होते, लयीत असलेला प्रतिस्पर्धी खुर्चीत तापतो आणि तापलेला हात थंड पडल्यावर त्याला परत यावं लागतं. नियमात बसतं, पण पंचाला वेळकाढूपणा दिसला तर तो ताकीद देऊ शकतो.

'फाउल अँड अ मिस'वरूनही घराघरांत वाद होतात. स्नूकरमधून (ठरलेला चेंडू दुसऱ्या चेंडूआड दडून सरळ मारता येत नाही, अशा कोंडीतून) सुटताना ठरलेल्या चेंडूला आधी स्पर्श झाला नाही आणि खेळाडूनं पुरेसा प्रयत्न केला नाही असं पंचाला वाटलं, तर तो मिस पुकारतो. समोरच्याला चेंडू परत मूळ जागी ठेवून घेता येतात आणि तोच शॉट पुन्हा खेळायला लावता येतो. दर वेळी कमीत कमी चार गुण. चेंडू पूर्ण, समोरासमोर मारता येईल असा मोकळा दिसत असेल तर गोष्ट गंभीर: दुसऱ्या चुकीनंतर ताकीद आणि तिसऱ्या चुकीला फ्रेमच जाते. पण फरक इतका असेल की एखाद्याला स्नूकर मिळाल्याशिवाय फ्रेम जिंकता येणार नाही, तर सहसा मिस पुकारली जात नाही. उदाहरण घ्या. टेबलावर फक्त सहा रंगीत उरलेत, म्हणजे २७ गुण. पिछाडी ३५ ची. चार-चारचे दोन स्नूकर मिळाले तर २७ अधिक ८, बरोबरी, आणि काळा पुन्हा ठिपक्यावर. त्यापेक्षा जास्त पिछाडी असूनही खेळाडू टेबल सोडत नसेल तर लगेच हसू नये. त्याचं नाव वहीत चौसष्टाच्या आसपास आहे का, ते बघावं.

कारण चौसष्ट हा आकडा सोळापेक्षाही निर्दय. टूरवर साधारण १२८ व्यावसायिक, कार्ड दोन वर्षांचं. जागतिक स्पर्धा संपली की वहीतले पहिले चौसष्ट राहतात. ज्यांच्या कार्डाचं पहिलंच वर्ष संपलंय तेही राहतात. बाकीचे बाहेर. त्यातल्या चार जणांना त्या एकाच मोसमाच्या कमाईवरून परत घेतात, पण त्यांची वही पुन्हा शून्यापासून सुरू होते. बाहेर पडलेल्याला क्यू स्कूल या पात्रता स्पर्धेचा रस्ता: सात फ्रेमचे सामने, बक्षीस काहीच नाही, मिळालं तर कार्ड. मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ मध्ये याच दारातून टूरवर गेला. नव्या खेळाडूची वही पहिल्या वर्षी अर्धीच भरलेली असते, त्यामुळे तो क्रमवारीत आहे त्यापेक्षा कच्चा दिसतो. त्याची ताकद जोखायची तर एका वर्षाची यादी बघावी. वर्ल्ड ग्रां प्री (पहिले ३२) आणि प्लेयर्स चॅम्पियनशिप (पहिले १६) यांचे प्रवेशही त्याच यादीवरून होतात.

खर्चाची बाजू कोरडी आहे. प्रवास, हॉटेल, सराव, सगळं खेळाडूच्या खिशातून. २०२२-२३ पासून टूरवरच्या खेळाडूला मोसमाला वीस हजार पौंडांची हमी सुरू झाली, पण ती बक्षिसातून वळती होणारी उचल. भारतातून जाऊन इंग्लंडात तळ ठोकणाऱ्याला ती किती पुरते, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

आपल्याकडं रँकिंग स्पर्धा २०१३ ते २०१९ या काळात पाचदा झाली, इंडियन ओपन नावानं. पहिल्याच वर्षी दिल्लीत मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत पोचला. रँकिंग स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. तिथं डिंग जुनहुईनं त्याला ५-० हरवलं. २०१५ मध्ये स्पर्धा मुंबईत आली, तेव्हा वेल्सच्या मायकल व्हाइटनं रिकी वॉल्डनला ५-० हरवून पहिलं रँकिंग विजेतेपद घेतलं. सामने सात फ्रेमचे, अंतिम नऊचा. शेफील्डच्या १९-२५-३३ पुढं ही पळापळी वाटते, पण मधल्या फळीतल्या खेळाडूला संधी अशाच छोट्या सामन्यांत असते. चार फ्रेमच्या शर्यतीत एक चांगला तास पुरतो. अठरा फ्रेमच्या शर्यतीत दोन दिवस चांगले जावे लागतात. जबलपूरला १८७५ मध्ये जन्मलेल्या खेळाची रँकिंग स्पर्धा २०१९ च्या कोचीनंतर इथं झाली नाही, आणि त्याचा फटका थेट आपल्या खेळाडूंच्या वहीला बसतो: घरच्या टेबलावर, घरून जेवून कमावायचे पौंड गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये बघायचं असेल तर क्रूसिबलच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा, पात्रतेच्या शेवटच्या फेरीचे. त्याला तिकडं 'जजमेंट डे' म्हणतात. सोळा सामने, अनेक टेबलं एकाच हॉलमध्ये. स्कोअर उघडताना शेजारी तात्पुरती क्रमवारीही उघडून ठेवायची, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे पैसे आधीच वजा करून दाखवणारी यादी. मग टेबलावर ९-९ झालं की आधी दोघांचे क्रमांक बघायचे. एक तिसावा आणि दुसरा चाळिसावा असेल तर प्रश्न क्रूसिबलचा आणि पाच हजारांचा. पण एक चौसष्टच्या खाली घसरत असेल, तर तिसऱ्या टेबलावर चाललेल्या भलत्याच सामन्याकडंही लक्ष ठेवावं लागतं. त्याला मागं टाकू शकणारा खेळाडू कदाचित तिथं ७-८ ने मागं असतो, आणि खुर्चीत बसलेल्याची नजर दर दोन मिनिटांनी त्या स्कोअरबोर्डाकडं जात असते.